नवीन असेंबल केलेला पीसी, पण माऊस-स्पीकर-हार्डडिस्क-प्रिंटर काहीच धड टिकत नाही, कुणी मार्ग सांगेल का?

अक्षरजुळणी
नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले डोकं उठलंय म्हणून शेवटी इथे लिहितेय. घरूनच डीटीपीची कामं करते, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका वगैरे. जुना पीसी अकरा वर्षं चालला, रडतखडत का होईना पण चालला, आता तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची झुंबड उडणार म्हणून आधीच नवीन असेंबल करून घेतला. रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा वायफायवाला मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, छोटंसं ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज ११. स्पीड एकदम झकास, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेरून जे म्हणून जोडावं ते टिकतच नाही.

डोंगलवाला (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) वायरलेस माऊस मधेच अडखळतो आणि मग एकदम उडी मारतो, कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) रेषेवरचा एखादा बिंदू पकडायला जावं तर भलताच ओढला जातो. ब्लूटूथ स्पीकर मॉनिटरच्या शेजारी ठेवला तर वाजतो, खिडकीत ठेवला की उचक्या लागल्यासारखा तुटक तुटक. बाहेरची १ टीबीची हार्डडिस्क, जिच्यात माझं अकरा वर्षांचं काम आहे, तिच्यातून मोठं फोल्डर कॉपीला लावलं की अर्ध्यात टुंग आवाज होऊन गायब, दोन सेकंदांनी टिंग होऊन परत हजर, पण कॉपी गेलेली असते. प्रिंटर चालू असतो, वायर लावलेली असते, तरी ऑफलाइन दाखवतो. आणि वायरचा कीबोर्डसुद्धा मधूनच क्षणभर मरतो, म्हणजे त्याचे दिवे जाऊन परत येतात.

दुकानदाराने दोनदा विंडोज परत टाकून दिली. दोन्ही वेळा नवरा कॅबिनेट स्कूटरवर मांडीत घेऊन गेला, तिथे त्यांच्या टेबलावर सगळं व्यवस्थित चालतं, घरी आणलं की मागचे पाढे पंचावन्न. आता तो म्हणतो तुमच्या माऊस-बिऊसमध्येच प्रॉब्लेम आहे, नवीन घ्या. सगळ्याच वस्तू एकाच आठवड्यात कशा बिघडतील हो? जुन्या पीसीवर याच वस्तू चालत होत्या. पोर्ट बदलून बदलून हात दुखले. बोर्ड खराब असेल का? वॉरंटीसाठी भांडायला जायचं तर हातात काहीतरी पुरावा पाहिजे.


शेंगदाणा_चिक्की
भाऊ आधी रीस्टार्ट करून बघ. गंमत नाही करत, शट डाऊन करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं यात फरक आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर विंडोज आतला अर्धा संसार एसएसडीवर जसाच्या तसा गुंडाळून ठेवते आणि सकाळी तोच परत उघडते, त्यामुळे काल अडकलेला ड्रायव्हर आजही अडकलेलाच. रीस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं.


अक्षरजुळणी
पहिल्याच ओळीत "लिहितेय" लिहिलंय तरी भाऊ? असो. रीस्टार्ट दिवसातून चार वेळा होतोच. फास्ट स्टार्टअप बंद केलं आत्ता, बघते.


शेंगदाणा_चिक्की
सॉरी ताई 🙏


खराखुरा_ग्राहक
म्हणूनच सांगत असतो असेंबल्ड घेऊ नका, कंपनीचा घ्या, इंजिनिअर घरी येतो. दहा हजार वाचवायला जाता आणि मग असं होतं.


रात्रपाळी
वरच्या प्रतिसादाचा आत्ता काय उपयोग, पैसे देऊन झालेत. आणि कंपनीच्या पीसीलासुद्धा हेच होतं, मी अशाच फोनच्या रात्रपाळ्या करतो, रोज ऐकतो.

ताई, घाईत बोर्ड बदलून मागू नका. तुमच्या घरात चार जण आजारी आहेत आणि चौघांना एकच ताप आहे असं धरून दुकानदार औषध देतोय. मला वाचून तरी चौघांची दुखणी वेगवेगळी वाटतायत. एकेक घेऊ.

माऊस आधी. त्याचं डोंगल कुठे लावलंय आणि हार्डडिस्क कुठे लावता? माझा अंदाज, दोन्ही मागे, शेजारी शेजारी, निळ्या पोर्टात. निळे म्हणजे बहुतेक यूएसबी ३. गंमत अशी की यूएसबी ३ चा डेटा ५ गिगाबिटच्या वेगाने धावतो तेव्हा त्याच्या वायरीतून आणि पोर्टातून जो रेडिओ गोंगाट बाहेर सांडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही सांडतो. आणि तुमचा माऊस, ब्लूटूथ, वायफायचा जुना बँड हे सगळे २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. म्हणजे लग्नाच्या बँडच्या बाजूला उभं राहून कुणी कानात कुजबुजतोय. हे माझं डोक्यातलं नाही, इंटेलने २०१२ साली यावर कागदच काढला होता, त्यात मोजमापं करून दाखवलंय की डोंगल यूएसबी ३ पोर्टाच्या जवळ असेल तर माऊसची पोहोच कशी घटते. जुन्या पीसीला यूएसबी ३ नसेलच किंवा डिस्क यूएसबी २ मध्ये असेल, म्हणून तिथे त्रास नव्हता.

तपासायला फुकटची युक्ती आहे. हार्डडिस्क पूर्ण काढून ठेवा आणि दहा मिनिटं माऊस वापरा. मग डिस्क लावून कॉपी चालू करा आणि माऊस हलवा. कॉपी सुरू झाल्यावरच अडखळला तर चोर सापडला. उपाय साधा: एक साधी यूएसबी एक्स्टेंशन वायर आणा, फूट-दोन फुटांची, डोंगल तिच्यावर लावून टेबलावर माऊसच्या जवळ आणा. वायर यूएसबी २ चीच घ्या, माऊसला ३ ची काही गरज नाही. आणि ती काळ्या पोर्टात लावा. कॅबिनेट टेबलाखाली असेल आणि डोंगल मागे भिंतीकडे तोंड करून असेल तर मधे अख्खा लोखंडी डबा आहे हेही लक्षात घ्या.

स्पीकर. बोर्ड वायफायवाला आहे म्हणालात. कॅबिनेटच्या मागे दोन छोटे सोनेरी आट्यांचे नळकांडे बाहेर आलेले दिसतात का? त्यांच्यावर अँटेना फिरवून बसवलेत का? बोर्डाच्या खोक्यात त्या असतात आणि बरेच जोडणारे त्या खोक्यातच ठेवून देतात. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतं आणि अँटेनाही त्याच. अँटेनाशिवाय ब्लूटूथ अगदीच मरत नाही, हातभर अंतरावर चालतं, म्हणून माणूस फसतो. "मॉनिटरशेजारी ठेवला तर वाजतो" हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं.

हार्डडिस्कबद्दल मात्र हात जोडून विनंती. तिच्यावर कॉपीचे प्रयोग बंद करा. अकरा वर्षांचं काम एकाच डिस्कवर आणि ती लिहिता लिहिता सुटतेय, एखाद दिवशी फाइल सिस्टिमच बिघडेल आणि विंडोज विचारेल फॉरमॅट करू का. जुना पीसी अजून आहे ना? तिथे लावा, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, मग काय ते प्रयोग. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर येतं त्यात डिस्कची तब्येत बघून ठेवा, रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींपुढे शून्य असलं पाहिजे.


ओव्हरक्लॉक_काका
बी५५० आणि यूएसबी सुटणं हे वाचून कान टवकारले. २०२१ च्या फेब्रुवारीत एएमडीने स्वतःच कबूल केलं होतं की ५०० सिरीजच्या बोर्डांवर यूएसबी मधूनमधून सुटतंय, आणि एप्रिलमध्ये एजेसा १.२.०.२ नावाची दुरुस्ती आली जी बोर्ड कंपन्यांनी आपापल्या बायोसमधून, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमधून दिली. त्या काळात माझा यूएसबी साउंड कार्डाचा डबा दिवसातून पाच वेळा सुटायचा, लोक ग्राफिक्सचा स्लॉट जेन ४ वरून जेन ३ वर, म्हणजे कमी वेगावर आणून दिवस काढत होते. तेव्हा बोर्डावर बायोस कधीचा आहे ते बघा. विंडोज आणि आर एकत्र दाबून msinfo32 टाइप करा, सिस्टिम इन्फर्मेशन उघडेल, त्यात बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. दुकानात पडून राहिलेला जुना माल असेल तर शक्यता आहे.

बायोस अपडेट करायची वेळ आलीच तर यूपीएसवर असतानाच करा, मधे लाइट गेली तर बोर्डाचा दगड होतो.


अक्षरजुळणी
अरे बापरे एवढं सगळं! थँक्यू थँक्यू. जेवढं लगेच बघता आलं ते सांगते.

काका, बायोस २०२३ चा दाखवतोय, म्हणजे ती दुरुस्ती आत असणार ना?

रात्रपाळी, तुम्ही ज्योतिषी आहात का? बोर्डाचं खोकं माळ्यावर टाकलं होतं, उघडलं तर आत प्लास्टिकच्या पिशवीत दोन काळ्या दांड्या!! मला वाटायचं हे टीव्हीचं काहीतरी आहे. मागे फिरवून बसवल्या, स्पीकर खिडकीतच काय, स्वयंपाकघरात नेला तरी चालतोय. आणि वायफायचा स्पीड पण वाढला, मी आपली इतके दिवस राउटरवाल्याला शिव्या घालत होते.

माऊसचंही तुम्ही म्हणता तसंच, डिस्क काढली की लोण्यासारखा चालतो. एक्स्टेंशन वायर उद्या आणते.

डिस्क जुन्या पीसीला लावून कॉपी सुरू केलीय, तिथे सुटत नाहीये अजून तरी. रात्रभर चालेल.


ओव्हरक्लॉक_काका
हो, २०२३ म्हणजे ते दुखणं गेलेलं. मग बायोसला हात लावू नका, चालतंय ते चालू द्या.


खांबावरून
मी वायरमन आहे, कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही पण एक विचारतो. दुकानात चालतं आणि घरी चालत नाही म्हणालात, तिथेच माझं डोकं अडकलं. मशीन तेच, विंडोज तीच, मग बदललं काय? घरची लाइन बदलली.

दोन प्रश्न आहेत. कॅबिनेटच्या मागच्या लोखंडाला, स्क्रूला, बोट हळूच घासलं की झिणझिण्या किंवा खरखरीत गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं का, विशेषतः पायात चप्पल नसताना? आणि तो कीबोर्ड मरतो तो कधी मरतो, फ्रीज किंवा पाण्याची मोटर चालू-बंद होताना का?


अक्षरजुळणी
अंगावर काटा आला वाचून. झिणझिण्या येतात, हो! यूएसबी लावताना मागे हात गेला की येतात, मला वाटलं नवीन पीसीला असंच असतं. सासूबाई तर त्याला हातच लावत नाहीत, म्हणतात "त्याला मुंग्या आहेत". मोटरचं कधी लक्षात घेतलं नव्हतं, उद्या सकाळी पाणी येतं तेव्हा बघते.


खांबावरून
नवीन काय जुन्या काय, कशालाच असं नसतं. तुमच्या विजेच्या बोर्डात अर्थिंग नाहीये किंवा तुटलंय.

पीसीच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्यात, गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ असेल तर ती गळती गुपचूप जमिनीत जाते, कुणाला कळतही नाही. अर्थ नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि २३० च्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकते. करंट फारच थोडा असतो म्हणून झटका न बसता झिणझिण्या येतात. टेस्टर लावलात तर बॉडीवर दिवा पेटेल. पण हे फक्त गळतीपुरतं झालं. उद्या खरंच आत फेजची वायर बॉडीला चिकटली तर अर्थ नसल्यामुळे फ्यूज उडणार नाही आणि मग ज्याचा हात लागेल त्याचं काही खरं नाही. म्हणून हे आधी करा, माऊसबिऊस नंतर.

आता तुमच्या विषयाचं. पीसी एका सॉकेटवर अर्थशिवाय आणि प्रिंटर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटवर अर्थसहित असेल तर पीसीची गळती जमिनीत जायला वाट शोधते, आणि तिला ती यूएसबीच्या वायरीच्या जाळीतून सापडते. त्यात मोटर सुरू झाली की लाइनवर जो धक्का येतो तोही तिथूनच जातो. कॉम्प्युटरवाले त्याला काय म्हणतात माहीत नाही.

आमच्याकडे जुन्या घरांत नेहमी दिसतं, सॉकेट तीन पिनचं बसवलेलं असतं, दिसायला व्यवस्थित, पण वरच्या जाड भोकाच्या मागे हिरवी वायर जोडलेलीच नसते. नाहीतर बोर्डात अर्थ असतो आणि बाजारातून आणलेल्या स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डात आत दोनच वायरी असतात, तिसरी पिन नुसती शोभेची. पीसी कशावर लावलाय?


अक्षरजुळणी
एक्स्टेंशन बोर्डावरच, तोही जुनाच आहे, आधीच्या पीसीच्या काळातला 🙈 पण मग जुन्या पीसीला मुंग्या नव्हत्या त्या कशा?


खांबावरून
जुना पीसी याच बोर्डावर होता पण कुठे? त्याच खोलीत?


अक्षरजुळणी
नाही, तो हॉलमध्ये होता, त्याची पिन सरळ भिंतीत. हा नवीन मी आतल्या खोलीत घेतला, तिथे सॉकेट लांब म्हणून एक्स्टेंशन काढलं. आत्ता लिहिता लिहिता लक्षात येतंय.


खांबावरून
मिळालं उत्तर. तुमच्या भागातला चांगला वायरमन बोलवा, त्याला मीटर घेऊन यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. फेज-अर्थमध्ये भलतंच काहीतरी किंवा काहीच आलं नाही तर अर्थ तुटलाय. स्वतः उघडू नका. आणि एखादा म्हणाला की अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतो, झिणझिण्या बंद होतील, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. न्यूट्रल मागे कुठे तुटला तर अख्ख्या बॉडीवर पूर्ण करंट येतो.


शेंगदाणा_चिक्की
विषय निघालाच आहे तर एक विचारू का, हसू नका. मी खुर्चीवरून उठलो की माझा मॉनिटर दोन सेकंद काळा होतो. रोज नाही, थंडीत जास्त. घरचे म्हणतात मी वेडा आहे.


रात्रपाळी
वेडा नाहीस. खालून गॅसच्या नळीवर वरखाली होणारी खुर्ची आहे ना? त्यावरून उठलं की स्थिर विजेचा एक ठोसा सुटतो आणि त्याची लहर मॉनिटरच्या केबलमध्ये शिरते, सिग्नल क्षणभर तुटतो. जगभर लोकांनी नोंदवलेलं आहे. कोरडी हवा असली की जास्त. केबल जरा चांगल्या शील्डची आणि आखूड घे, कॅबिनेटचं अर्थिंग तपास, आणि केबल खुर्चीपासून लांबून फिरव.


शेंगदाणा_चिक्की
घरच्यांना हा धागा दाखवतो आता


टर्मिनलवाला
मी लिनक्सवर आहे, ताईंना उपयोग नाही पण दुसऱ्या कुणाला होईल. यूएसबी सुटत असेल तर डीमेसेज (सिस्टिमच्या आतल्या नोंदी दाखवणारी कमांड) चालू ठेवून बसा, सुटण्याच्या क्षणी कुठला पोर्ट आणि काय एरर ते दिसतं. उणे ७१ असं दिसलं तर बहुतेक वेळा वायर, पोर्ट किंवा करंट, म्हणजे बोलणंच नीट पोहोचत नाहीये. माझं असंच होतं, तीन दिवस कर्नल बदलत बसलो आणि निघाला हब, विनापॉवरचा, त्यावर वेबकॅम, पेनड्राइव्ह आणि डिस्क तिन्ही लटकवलेले.


रात्रपाळी
बरोबर. हबचं सांगितलंस ते चांगलं केलंस. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००, आणि विनापॉवरच्या हबला चार तोंडं असली तरी मागून येणारं पाणी तेवढंच. छोटी हार्डडिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हाच जास्त करंट खेचते. ताई तुमची डिस्क कशी जोडता, पुढच्या पोर्टात की मागे? आणि तिची वायर तीच जुनी का, ती रुंद चपट्या टोकाची?


अक्षरजुळणी
बॅकअप झाला!! २ लाखांवर फाइल आहेत म्हणे, मलाच माहीत नव्हतं. क्रिस्टलमध्ये निळं गुड दाखवतंय आणि तुम्ही सांगितलेल्या दोन्ही ओळी शून्य.

डिस्क आधी मागे लावायची, मग सुटते म्हणून पुढे लावायला लागले, पुढे तर अजूनच सुटते. वायर तीच जुनी, रुंद चपटी, हो, आणि टोकाशी जरा सैल आहे, अमुक कोनात धरली तर डिस्कचा दिवा लागतो. हब नाही.

आज सकाळी पाणी आलं तेव्हा मुद्दाम पीसी चालू ठेवून बसले. मोटरचं बटण दाबलं आणि टुंग, कीबोर्डचे दिवे गेले. बंद केली तेव्हा काही नाही झालं. परत दाबली, परत टुंग. नवऱ्याला बोलवून दाखवलं, तो म्हणाला टाकी भरून वाहतेय आता बास कर.


रात्रपाळी
अमुक कोनात धरली तर दिवा लागतो!! अहो ताई हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना 😄

ती टोकं अशीच ढिली होतात. नवीन वायर घ्या, आखूड, फूटभराची, शे-दीडशेत येते, पण डिस्कच्या टोकाचा आकार बघून घ्या, जुनी दुकानात घेऊन जा. जुन्या पीसीला चालली कारण तिथे यूएसबी २ असणार, ४८० मेगाबिटला सैल वायर कशीबशी निभावते, ५ गिगाबिटला नाही निभावत. आणि पुढचे पोर्ट शक्यतो डिस्कला वापरू नका. ते थेट बोर्डावर नसतात, कॅबिनेटमधून एक जाड वायर जाऊन वीस खड्ड्यांच्या जोडणीत बसते, तिची क्वालिटी कॅबिनेटच्या किमतीवर. स्वस्त कॅबिनेटला ती वायर म्हणजे सगळ्यात आधी पैसे वाचवायची जागा. मागचे पोर्ट बोर्डाला थेट झाळलेले असतात.

वायर बदलूनही सुटली तर मग एक सेटिंग. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. विंडोज वीज वाचवायला रिकाम्या बसलेल्या पोर्टाला झोपवते आणि काही उपकरणं त्या झोपेतून नीट उठत नाहीत. लॅपटॉपला ठीक आहे, डेस्कटॉपवर त्या चार पैशांच्या विजेची गरज नाही. पण आत्ता नका करू, आधी वायर. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही आणि दुकानदाराशी बोलताना तुमच्याकडे पुरावा राहत नाही.


अक्षरजुळणी
बरं बरं. प्रिंटरचं काय करू? तो तर मागेच लावलेला असतो, वायर नवीन आहे, डुगडुगत नाही. एक पत्रिका प्रूफला काढायची होती, ऑफलाइन म्हणजे ऑफलाइन.


ओव्हरक्लॉक_काका
प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन बघा, एकाच नावाचे किती प्रिंटर दिसतात?


अक्षरजुळणी
चार. एक साधा, आणि कॉपी १, कॉपी २, कॉपी ३. मला वाटलं ते प्रती काढायचं आहे काहीतरी.


ओव्हरक्लॉक_काका
😂 घ्या. काही प्रिंटर असे असतात की पोर्ट बदलला की विंडोजला वाटतं नवीनच प्रिंटर आला, ती त्याला कॉपी १ म्हणून नवीन खाट टाकून देते. जुन्या पोर्टावरचा डिफॉल्ट राहतो आणि तो ऑफलाइन, कारण तिथे आता कुणी नाहीच. तुम्ही पोर्ट बदलून बदलून हात दुखवलेत ना, त्याचा हा प्रसाद. प्रिंटर एका काळ्या पोर्टात कायमचा लावा, त्या पोर्टावर एका खडूने खूण करा, मग या चौघांपैकी जो जिवंत दिसतो तो ठेवून बाकीचे रिमूव्ह करा, उरलेल्याला डिफॉल्ट करा. आणि "विंडोजला माझा डिफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या" ची खूण काढून टाका, नाहीतर ती परत शहाणपणा करेल.


खराखुरा_ग्राहक
एवढं सगळं करण्यापेक्षा


शेंगदाणा_चिक्की
दादा वाक्य पूर्ण करू नका, कळलं


अक्षरजुळणी
आठ दिवसांनी लिहितेय, उशीर झाला, मधे दोन स्मरणिका होत्या.

वायरमन येऊन गेले. खांबावरून, तुम्ही म्हणालात तेच, एक्स्टेंशन बोर्ड उघडला तर आत दोनच वायरी, तिसरी पिन मोकळीच. वर अजून गंमत, त्या खोलीतल्या भिंतीवरच्या सॉकेटात हिरवी वायर होती पण स्क्रूतून निसटलेली, मागे लोंबत होती. म्हणजे चांगलं एक्स्टेंशन आणलं असतं तरी उपयोग नव्हता. त्यांनी वायर बसवली, पीसीच्या टेबलामागेच दोन नवीन तीन पिनचे सॉकेट काढून दिले आणि प्रिंटर, मॉनिटर, पीसी सगळं एकाच बोर्डावर आणलं. मीटरवर न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट आलं. मुंग्या गेल्या. सासूबाईंनी स्वतः बोट लावून खात्री केली. मोटरला दहा वेळा चालू-बंद केलं, कीबोर्ड हलला नाही.

माऊस एक्स्टेंशन वायरवर, मस्त. प्रिंटर एकच उरला, खडूऐवजी नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.

डिस्कला नवीन वायर घेतली, मागच्या पोर्टात ६० जीबी एका दमात गेले. पुढच्या पोर्टात त्याच नवीन वायरीने लावली तर एकदा सुटली. मग दुकानदाराला हे तसंच्या तसं सांगितलं, हीच वायर, हीच डिस्क, मागे चालते पुढे सुटते, आणि व्हिडिओ दाखवला. या वेळी विंडोज टाकतो म्हणाला नाही, कॅबिनेट उघडलं, पुढच्या पोर्टाची ती जाड वायर जोडणीत अर्धवटच बसलेली होती, एका बाजूने तिरपी. दाबून बसवली. आता पुढेही चालतेय, तरी मी मागेच लावते. अँटेनाचं विचारलं तर म्हणाला सगळेच गिऱ्हाईक लावतात असं नाही, म्हणून खोक्यातच देतो. काय बोलणार.

सिलेक्टिव्ह सस्पेंडला हातच लावायची वेळ आली नाही.


खांबावरून
वा. भिंतीतली वायर निसटलेली निघाली हे बरं झालं सापडलं. घरात बाकीच्या खोल्यांचे सॉकेट पण बघून घ्या, विशेषतः गीझर आणि वॉशिंग मशीनचा.


अक्षरजुळणी
बघितले त्याच दिवशी, गीझरचा ठीक आहे, वॉशिंग मशीनच्या सॉकेटचा अर्थ ढिला होता, तोही आवळला.


रात्रपाळी
जुन्या डिस्कवरचं ते अकरा वर्षांचं काम आता किती ठिकाणी आहे?


अक्षरजुळणी
दोन. तिसरी डिस्क दिवाळी बोनसला सांगून ठेवलीय, बोनस मीच मला देणार आहे.


शेंगदाणा_चिक्की
ताई माझ्या बहिणीचं लग्न आहे डिसेंबरात, धाग्यातल्या लोकांना पत्रिकेवर काही सूट?


अक्षरजुळणी
मिळेल की. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, शुद्धलेखन एकदा वाचून. वहीच्या पानाचा तिरपा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून "यातली काकांची नावं नंतर सांगतो" म्हणालात तर दर दुप्पट.